पेठेची उधारी

गावच्या जुन्या बाजारपेठेविषयी मराठीत जे काही लिहिले जाते त्यात प्रामुख्याने दोन सूर आढळतात. पहिला हळहळीचा. त्यात लहानपणीच्या गोळ्यांची बरणी असते, कागदाच्या पुडीला गुंडाळलेला दोरा असतो, दुकानदाराने प्रेमाने हातावर ठेवलेला गुळाचा खडा असतो आणि शेवटी 'आता ते दिवस राहिले नाहीत' असा निःश्वास असतो. दुसरा सूर व्यवहारी. त्याच्या मते बाजार हा बाजारच असतो. जेथे माल स्वस्त आणि सोयीचा मिळेल तेथे गिर्‍हाईक जाणार, त्यात भावनेला जागा नाही. आम्ही तिघे मराठीचे अध्यापक आहोत, आणि या दोन्ही सुरांविषयी आमची तक्रार आहे. पहिला सूर पेठेला फ्रेममध्ये बसवतो, दुसरा तिला वजनकाट्यावर ठेवून मोकळा होतो. पेठ म्हणजे नेमके काय आहे, हे पाहण्याचे कष्ट दोघेही घेत नाहीत. आमच्या मते जिव्हाळा ही विचार करण्याची सुरुवात असली पाहिजे. विचार टाळण्याची सबब नव्हे.

'जुनी पेठ' असे मोघम बोलण्यात अर्थ नाही. म्हणून आमच्या सांगलीविषयीच बोलतो. चिंतामणराव पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मिरजेपासून वेगळे होऊन कृष्णेच्या काठी आपली राजधानी केली, गणपतीचे देऊळ बांधले आणि त्या देवळाच्या, राजवाड्याच्या व नदीच्या सान्निध्यात बाजार वाढत गेला. गणपती पेठेत किराणा आणि भुसार, कापड पेठेत कापड, सराफ कट्ट्यावर सोने-चांदी, मारुती रस्त्यावर आणि हरभट रस्त्यावर उरलेले सगळे जग. संस्थान १९४८ साली विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याचे १९६० मध्ये सांगली जिल्हा असे नामांतर झाले. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली. शहराच्या पाट्या अशा बदलत गेल्या, तरी 'जरा गावात जाऊन येतो' असे उपनगरातला माणूस म्हणतो तेव्हा त्याला ही पेठच अभिप्रेत असते. महानगरपालिकेच्या हद्दीत राहणारा माणूस 'गावात' जातो, या एका वाक्प्रयोगात शहराचा मध्य कोठे आहे याचे उत्तर आहे. ते नकाशावर सापडत नाही.

आता साहित्याच्या विद्यार्थ्याला पडावा असा प्रश्न. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ साली 'मुंबईचे वर्णन' लिहिले आणि महानगराचे बाजार, रस्ते, धंदे मराठीत नोंदवून ठेवले. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गांवगाडा' लिहिला आणि खेड्याची वतने, बलुते, देणेघेणे यांची चिकित्सा केली. एक टोक महानगराचे, दुसरे खेड्याचे. या दोहोंच्या मध्ये जो तालुक्याचा आणि जिल्ह्याचा गाव आहे, ज्याच्या बाजारात खेड्याचा माल येतो आणि जेथून महानगराचा माल खेड्यात जातो, त्याच्या पेठेचे असे समग्र वर्णन आमच्या वाचनात आलेले नाही. कथा-कादंबर्‍यांतही हा मधला गाव बहुधा कथानकाची पार्श्वभूमी म्हणूनच येतो. नेमाड्यांच्या 'बिढार'पासून 'झूल'पर्यंतच्या कादंबर्‍यांत लहान गावांतली महाविद्यालये आहेत, तिथले राजकारण आहे, भाड्याच्या खोल्या आहेत. परंतु दुकानाच्या गादीवर बसून जग कसे दिसते हे सांगणे त्या कादंबर्‍यांचे प्रयोजनच नव्हते. ग्रामीण साहित्याला शेताचा बांध दिसला, महानगरीय साहित्याला चाळ आणि लोकल दिसली. दोहोंच्या मध्ये उभी असलेली पेठ मात्र आपल्या समीक्षेच्या विभागणीतच बसली नाही. विभागणी सोयीची असते, पण तिच्या फटीतून अख्खी गावे निसटतात.

वाङ्मयाने पेठेकडे लक्ष दिले नाही, पण भाषेने दिले. मराठीतले किती वाक्प्रचार दुकानात जन्मले आहेत याचा विचार सहसा होत नाही. एखादा लेखक दुसर्‍याच्या पासंगालाही पुरणार नाही, असे आपण वर्गात सहज बोलून जातो. पासंग म्हणजे तागडीची दोन्ही पारडी समतोल व्हावीत म्हणून हलक्या पारड्याला बांधलेले किरकोळ वजन. काटा इलेक्ट्रॉनिक झाला, पारडी गेली, त्यांच्याबरोबर पासंगही गेला. विद्यार्थी हा शब्द परीक्षेत अचूक वापरतात, पण त्यातला खरा टोमणा त्यांना जाणवत नाही: जो पासंगालाही पुरत नाही तो मालात तर नाहीच, वजनातही नाही, तोल सारखा करण्यापुरतादेखील त्याचा उपयोग नाही. पारडे जड होणे, काटा मारणे, एकाच तागडीत तोलणे, पदरात माप घालणे, मापात पाप, ताळमेळ, दिवाळे वाजणे: ही सगळी पेठेची संपत्ती आहे. दुकान 'बंद केले' असे जुना व्यापारी म्हणत नाही, 'वाढवले' म्हणतो. दिवा वाढवतात, फुटलेली बांगडी वाढवतात, तसे दुकान वाढवतात. अशुभाचा उच्चार टाळण्याचा हा जो संकोच आहे, तो घरातला आणि देवघरातला. तो दुकानापर्यंत येतो, कारण दुकान हे त्या माणसाच्या लेखी केवळ विक्रीचे ठिकाण नसते. दिवसाच्या पहिल्या विक्रीला 'भवानी' म्हणणारी आणि ती उधारीवर होऊ न देणारी भाषा ही हिशेबाची आहे आणि श्रद्धेचीही आहे.

याच संदर्भात 'पेव' हा शब्द पाहण्यासारखा आहे. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार वृत्तपत्रांत आठवड्यातून दोनदा तरी छापून येतो: शिकवण्यांचे पेव फुटले, संमेलनांचे पेव फुटले. सांगलीजवळ, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर हरिपूर आहे. 'संगीत शारदा' लिहिणार्‍या गोविंद बल्लाळ देवलांचा जन्म तेथला. या हरिपुराच्या जमिनीत खरीखुरी पेवे होती: खोल खणलेली, तोंडाशी अरुंद, आत ऐसपैस, आणि त्यांत सांगलीच्या बाजारातली हळद वर्षानुवर्षे साठवली जाई. तिथली मातीच अशी की हळद टिकून राही. २००५ च्या महापुरात या पेवांत पाणी शिरले, पुष्कळ पेवे निकामी झाली आणि हळद गोदामांत व शीतगृहांत गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हांला आनंद आहे. परंतु ज्या वास्तूने 'पेव' हा शब्द जिवंत ठेवला होता ती त्या आधीच संपत आली होती. वाक्प्रचार उरला, वस्तू गेली. शब्दकोशाला याने काही फरक पडत नाही, असे कोणी म्हणेल. आमच्या मते पडतो. वस्तू डोळ्यांसमोर असते तोवर वाक्प्रचार ही प्रतिमा असते. वस्तू गेली की ती खूण होते, आणि खुणेची जागा दुसरी कोणतीही खूण घेऊ शकते.

येथवर वाचून एखाद्याला वाटेल की आम्हीही हळहळीच्याच सुरात बोलत आहोत. म्हणून पेठेची दुसरी बाजू मांडणे आवश्यक आहे. बाजारातली एक जुनी रीत 'हत्ता पद्धत' म्हणून ओळखली जाई. हातावर कापड टाकायचे आणि त्याखाली बोटे दाबून भाव ठरवायचा. अडत्याला भाव कळे, खरेदीदाराला कळे. ज्याचा माल तो शेतकरी समोर उभा राहून कापडाकडे पाहत असे. लेखकाला या दृश्यात नाट्य दिसेल, पण त्यातली गुप्तता कोणाच्या फायद्याची होती हे विसरून चालणार नाही. नियमन झालेल्या बाजारात उघड लिलाव आले, ते या गुप्ततेवरचे उत्तर होते. हिशेबाच्या पट्टीत हमाली, तोलाई, कडता, दलाली असे शब्द एकाखाली एक येत आणि शेवटी शेतकर्‍याच्या हाती काय पडे, ही गोष्टही पेठेच्याच इतिहासाची आहे. 'पट्टी' हा शब्द शाळेत मोजण्याचा आणि बाजारात कापण्याचा.

उधारीचेही तसेच. वहीत नुसते नाव लिहून महिन्याचा किराणा देणार्‍या दुकानदाराच्या माणुसकीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यात तथ्य आहे. परंतु ती उधारी सर्वांना मिळत नव्हती. कोणाचे नाव वहीत चढायचे आणि कोणाला 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी दाखवायची, हे नोकरीवरून, आडनावावरून, वस्तीवरून ठरत असे. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांच्या पेठांमधून दलित माणसाला चहाचा कप वेगळा होता, आणि कापडाच्या दुकानात त्याला गादीवर बसायला कोणी सांगत नसे. दलित आत्मकथनांचे वाचन करणार्‍या विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. अशा विद्यार्थ्याला जेव्हा मॉलच्या सरकत्या जिन्यावर कोणी जात विचारत नाही, तेव्हा त्याला तिथे मोकळे वाटले तर त्याची थट्टा करण्याचा अधिकार पेठेच्या प्रेमिकांना नाही. शिवाय दुकानात सकाळपासून रात्रीपर्यंत उभा असलेला नोकर आपल्या स्मरणरंजनात कधीच नसतो. असतो तो गल्ल्यावरचा मालक. २०१७ च्या नव्या दुकाने कायद्यानंतर दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकाने त्याच्या बहुतेक तरतुदींच्या कक्षेबाहेर गेली. म्हणजे आपल्या जिव्हाळ्याची बहुतांश दुकाने. पेठेवर प्रेम करायचे तर या उभ्या माणसाच्या बसण्याच्या हक्कासकट करावे लागेल.

मग एवढे सगळे सांगूनही पेठ हवी असे आम्ही का म्हणतो? कारण पेठेत अन्याय दिसतो, त्याला चेहरा असतो, त्याला जाब विचारता येतो. ज्याने काटा मारला त्याच्या दुकानासमोर उभे राहून चारचौघांत तसे म्हणता येते. जुन्या पेठांमध्ये जे बदल झाले ते असे समोरासमोर उभे राहूनच झाले: हमालांनी संघटना केल्या, शेतकर्‍यांनी उघड लिलाव मागितले, तरुणांनी वेगळे कप फोडले. दूरच्या गोदामातून घरपोच येणार्‍या खोक्याशी असे भांडता येत नाही. तिथे तक्रार नोंदवता येते, तिला क्रमांक मिळतो, कदाचित पैसेही परत मिळतात. पण कोणीही कोणालाही ओळखत नाही. व्यवहार निर्वैर होतो आणि त्याच क्षणी निर्जनही होतो. समाज बदलायचा तर तो आधी एकमेकांना दिसला पाहिजे. आमच्या गावात तो दिसण्याची जागा सभागृह नाही, महाविद्यालय तर नाहीच. ती पेठ आहे. शेतकरी, सराफ, हमाल, भाजीवाली, वकील आणि परीक्षेचा निकाल लागलेला विद्यार्थी एकाच रस्त्यावर एकमेकांना धक्के देत चालतात, अशी दुसरी जागा आम्हांला माहीत नाही.

आणि आज ही जागा खरोखरच संकटात आहे. आयर्विन पूल १९२९ साली झाला. कृष्णेच्या पाण्याची उंची सांगली त्याच पुलाजवळ मोजते. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसवर धोका, हे आकडे येथल्या मुलांना पाढ्यांसारखे पाठ असतात. २००५ मध्ये पाणी पेठेत आले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते सत्तावन्न फुटांच्या पुढे गेले. त्या वेळी मारुती चौक, हरभट रस्ता, गणपती पेठ यांतली दुकाने दिवसचे दिवस पाण्याखाली राहिली. ग्रंथालयांतली पुस्तकेही भिजली. दोन वर्षांत, २०२१ च्या जुलैत, पुन्हा पूर. या दोन पुरांच्या मध्ये टाळेबंदी, आणि त्यांच्या आधी २०१६ ची नोटबंदी व २०१७ चा वस्तू आणि सेवा कर. पाच वर्षांत पाच धक्के. पूर ओसरल्यावर पेठेत गेलेल्यांना आठवत असेल: रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भिजलेल्या मालाचे ढीग, साखरेचे पाणी झालेले, कापडाच्या ताग्यांवर गाळाचा थर, आणि उन्हात वाळत घातलेल्या हिशेबाच्या वह्या. वही वाळली तरी शाई पसरलेली. कोणाकडून किती येणे आहे हे आता फक्त दोन माणसांच्या आठवणीत. अशा वेळी काही गिर्‍हाइके आपण होऊन आली आणि आपली बाकी सांगून पैसे देऊन गेली, असे आम्ही व्यापार्‍यांकडून ऐकले. काही आली नाहीत, असेही त्यांनीच सांगितले. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच सुरात सांगितल्या.

दर पुरानंतर 'पेठ उंचावर हलवा' असा एक प्रस्ताव चर्चेत येतो. घाऊक व्यापार नदीपासून दूर असावा, धान्याची गोदामे पूररेषेबाहेर असावीत, यात आम्हांला काही गैर वाटत नाही. दुसर्‍याने जीव मुठीत धरून आपल्या आठवणी सांभाळाव्यात, अशी अपेक्षा करणारे प्रेम स्वार्थी म्हणावे लागेल. परंतु किरकोळ विक्रीची लहान दुकाने हलवता येत नाहीत. ती मोडता येतात, एवढेच. शेजारचे दुकान, समोरचे देऊळ, कोपर्‍यावरचा चहावाला आणि बसथांब्यावरून चालत येणारी वाट या सगळ्यांनी मिळून ते दुकान झालेले असते. म्हणून नदीपात्रातली अतिक्रमणे, भरलेले ओढे, अडलेले नाले आणि धरणांतून सोडल्या जाणार्‍या पाण्याचे नियोजन या प्रश्नांवर बोलणे हेच पेठेवर बोलणे आहे. जुन्या दुकानाचे छायाचित्र काढण्यापेक्षा ते अधिक कंटाळवाणे काम आहे, आणि अधिक उपयोगाचे.

साहित्याच्या अध्यापकाने यात काय करावे, असा प्रश्न उरतो. सांगली स्वतःला नाट्यपंढरी म्हणवते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली येथे 'सीतास्वयंवर' केले आणि वि. स. खांडेकरांचा जन्म १८९८ साली येथला, हे आम्ही दरवर्षी अभिमानाने शिकवतो. परंतु गावाचे वाङ्मयीन जीवन केवळ थोरांच्या नावावर चालत नाही. ते पेठेतल्या छापखान्यावर चालत होते. लग्नपत्रिका, नाटकाची हस्तपत्रके, दिवाळी अंक, महाविद्यालयाचे वार्षिक आणि एखाद्या नवख्या कवीचा स्वखर्चाचा संग्रह एकाच यंत्रावर छापला जाई. खिळे जुळवणारा जुळारी त्या कवीचा पहिला वाचक असे. अक्षरे उलटी वाचण्याची सवय असल्यामुळे त्याला चुका सरळ दिसत. ते खिळे वितळून गेले, ते योग्यच झाले असेल. पण त्या जुळार्‍यांच्या आठवणी कोणी लिहून घेतल्या नाहीत, हे आपल्या विद्याशाखेच्या दृष्टीने योग्य झाले नाही. पुस्तकांच्या दुकानाचेही तेच. गिर्‍हाइकाने एक पुस्तक मागितले असता 'हे वाचणार असाल तर आधी ते वाचा' असे सांगणारा विक्रेता हा आमच्या मते विद्यापीठाबाहेरचा मार्गदर्शकच आहे. त्याच्याकडे पाठ्यपुस्तके आणि स्पर्धा परीक्षेची मार्गदर्शके यांचाच खप उरला, तर त्याचा दोष त्याच्या एकट्याचा नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. एम. ए.च्या विद्यार्थ्यांना आपण प्रकल्प देतो. त्यांतले निम्मे प्रकल्प आधीच्या प्रकल्पांवरून तयार होतात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याऐवजी प्रत्येक महाविद्यालयाने आपापल्या गावची पेठ वाटून घ्यावी. एकाने सराफ कट्ट्याचे शब्द गोळा करावेत, एकाने भुसार बाजाराचे, एकाने कासाराचे, एकाने सायकल दुरुस्तीच्या दुकानातले. जुन्या वह्या कोठे मोडीत असतील, त्यांची पाने पाहावीत. दुकानाच्या मालकाशी बोलावे, तसेच नोकराशी बोलावे, हमालाशी बोलावे, आणि ज्यांना त्या दुकानात पायरीवर उभे ठेवले गेले त्यांच्या घरीही जाऊन बोलावे. चारांची साक्ष एकमेकींशी जुळणार नाही. न जुळणे हेच त्या पेठेचे खरे वर्णन असेल. अशी पंचवीस गावांची नोंद झाली तर 'मुंबईचे वर्णन' आणि 'गांवगाडा' यांच्या मधली रिकामी जागा थोडी तरी भरेल.

हे काम निवृत्त माणसाच्या फावल्या वेळेसाठी राखून ठेवता येणार नाही. गादीवर बसणारी शेवटची पिढी आज साठी-सत्तरीत आहे, मुले पुण्याला आहेत, आणि दुकानाचे काय करायचे हा प्रश्न घरोघर चर्चेला आहे. पुढचा पूर आपल्या वेळापत्रकाकडे पाहून येणार नाही. पेठेने आपल्याला शब्द उधारीवर दिले आणि कधी तगादा लावला नाही. पारड्यांपासून पेवापर्यंतचा तो सारा माल आपण वर्गात, लेखांत, व्याख्यानांत वापरत आलो. आता ज्यांच्याकडून घेतला ते वहीच्या शेवटच्या पानावर आहेत. बाकी चुकती करायची ती त्यांच्या हयातीतच करावी लागेल.